चेनसॉची खंडेनवमी

नववीत मी शाळा सोडली, असं माझी आई लोकांना सांगते. खरं तर शाळेनेही मला फार धरून ठेवलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांचा समजूतदारपणे निरोप घेतला आणि मी तासगावच्या स्टँडमागच्या एका गॅरेजात जाऊन बसलो. तिथे टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरात माझं पुढचं शिक्षण झालं. मोपेड, म्हाताऱ्या स्कूटर आणि द्राक्षबागांवर फवारणी करायचे पंप. दोरी ओढायची, प्लग काढायचा, हुंगायचा, पुसायचा, परत बसवायचा. प्लग हुंगून मशीनचं दुखणं सांगता येतं. माणसांच्या बाबतीत मला ते अजून जमलेलं नाही.

आता मी लेस्टरला राहतो. इथल्या हॉस्पिटलला माझी बायको हवी होती. ती नर्स आहे, आणि तिच्या सामानाबरोबर मी आलो. व्हिसावर मी ‘डिपेंडंट’ आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही असं बायको म्हणते. ती पगार आणते, तेव्हा तिला म्हणायला सोपं जातं. मी तिचा मनापासून आभारी आहे आणि ते भांडी घासून व्यक्त करतो.

उरलेला वेळ मी काळजी करतो. बॉयलर वेगळा आवाज करतोय का, दारातून पडलेलं पाकीट कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, आहे का, शेजारीण हसून ‘ऑल राइट?’ म्हणाली ते विचारलं की सांगितलं. मिल्टन कीन्सला बायकोच्या मैत्रिणीकडे जेवायला गेलो की तिथली पुण्याची सॉफ्टवेअर मंडळी हातात पापड धरून विचारतात, “तू काय करतोस मग?”

“सध्या घरूनच,” मी म्हणतो.

“अरे वा, फुल्ली रिमोट?”

“फुल्ली.”

नोकरी मागायला गेलो की सर्टिफिकेट मागायचे. माझं सर्टिफिकेट माझ्या नखांत होतं आणि ते इथल्या साबणाने हळूहळू निघून चाललं होतं.

एकदा शेजारणीचं गवत कापायचं मशीन बंद पडलं. लेस्टरबाहेरच्या एका खेड्यात एक म्हातारा अशी मशीनं दुरुस्त करतो, असं ती म्हणाली आणि तिच्या गाडीतून आम्ही ते घेऊन गेलो. दुकानाचं दार उघडलं, टू-स्ट्रोकच्या धुराचा ओळखीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भावनेने नव्हे, धूर फार होता.

आत म्हातारा एका बारक्या स्क्रूशी झटापट करत होता. त्याची बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती. स्क्रू पडला, टेबलाखाली गेला. मी वाकून उचलला आणि न विचारता बसवून दिला.

“यातलं कळतं का रे तुला, डक?” त्याने विचारलं. इथली जुनी माणसं सगळ्यांनाच डक म्हणतात. डिपेंडंटपेक्षा मला बदक परवडतं.

“थोडंफार.”

“सर्टिफिकेट?”

“नाही.”

“माझ्याकडेही नाही,” तो म्हणाला आणि दुसरा स्क्रू पुढे सरकवला.

तेव्हापासून मी बसने त्याच्याकडे जायला लागलो. तो नोकरी देतो असं म्हणाला नव्हता आणि मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं की नाही म्हणायची सोय होते. मग पावसाळी ऑगस्टमधल्या एका सकाळी त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्याच्या बापाची चेनसॉ टांगलेली होती. आपल्याकडे आता झाडं तोडायला वापरतात ती चिमुकली प्लॅस्टिकची नव्हे. ही सगळी धातूची, लाल रंग उडालेली, वजनाला म्हशीच्या रेडकाएवढी. बाप गेल्यापासून ती चालू झालेली नव्हती. तरीही दर वर्षी शरद ऋतूत गावच्या शोमध्ये, म्हणजे तिथल्या जत्रेत, म्हातारा ती टेबलावर मांडायचा आणि त्याचा एक शेतकरी मित्र दर वर्षी येऊन तिला बोटाने टोचायचा.

“तो काय म्हणतो माहितीये?” म्हातारा म्हणाला. “म्हणतो, तुझ्या बापाला पुरलंत, मग हिलाच का ठेवलंत?”

“वाईट बोलतात.”

“माझा बाप त्याहून वाईट बोलायचा. ऐक. ही शोमध्ये सगळ्यांसमोर चालू करून दाखव. झाली, तर हे कामाचं बेंच तुझं, पगारासकट. नाही झाली तर या हिवाळ्यात मी दुकान बंद करतो. माझी बोटं संपली, आणि पुतण्याला इथे कॉफीचं दुकान काढायचंय.”

मी हो म्हणालो, घरी आलो आणि बॉयलरची काळजी करणं सोडून दिलं. त्यापेक्षा मोठी मिळाली होती.

मशीन खोललं तर आत एक अख्खी वसाहत निघाली. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलं होतं. गवत, लोकर, कुणाच्या तरी मोज्याचा तुकडा. भाडेकरू केव्हाच गेले होते, पण घाण ठेवून गेले होते, म्हणजे सगळीकडचे भाडेकरू सारखेच. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. त्याच्या डोक्यावर डिझेल ओतून आठवडाभर मुरत ठेवला, रोज थोडा हलवायचा, रोज तो नाही म्हणायचा. शेवटी लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकल्यावर, सासरी निघालेल्या मुलीसारखा कुरकुरत सुटला. कार्बोरेटरचा रबरी पडदा वाळून पापड झाला होता. पेट्रोलची नळी हात लावताच मोडली. ठिणगी पडत नव्हती, कारण पॉइंट गंजले होते. ते पॉलिश पेपरने घासले, प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला आणि म्हाताऱ्याला दोरी ओढायला सांगितली.

निळी ठिणगी पडली. ती पाहून म्हाताऱ्याने टोपी काढली. मला वाटलं आदराने. पण तो डोकं खाजवत होता.

शोच्या आदल्या गुरुवारी दुपारी मशीन पहिल्यांदा गरजलं. दुकानाच्या खिडक्या थरथरल्या, पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं आणि म्हातारा धुरात उभा राहून इतका खोकला की मला वाटलं, बेंच मिळण्याआधीच मालक जातो. मग तो बराच वेळ त्या आवाजाकडे नुसता बघत उभा राहिला. आवाजाकडे बघता येत नाही हे मला कळतं, पण तो बघत होता.

ते मशीन मी पुसून चकचकीत करायला घरी नेलं. पातं आणि साखळी दुकानातच ठेवली, कारण इंग्लंडमध्ये बसमधून चेनसॉ घेऊन जाणारा सावळा माणूस होण्याची माझी तयारी नव्हती. नुसतं इंजिन बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं. बसमधल्या शेजारच्या सीटवरच्या बाई वाकून हसल्या आणि किती महिन्यांचं आहे असं विचारणार, इतक्यात त्यांना पेट्रोलचा वास आला. त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि खंडेनवमी होती. शनिवारी दसरा आणि शनिवारीच शो.

देवाशी माझे संबंध कामापुरते आहेत. गणपतीला मी आरती म्हणतो, पण शब्द येत नसतील तिथे टाळ्या मोठ्याने वाजवतो. खंडेनवमीचं मात्र वेगळं. आमच्या गॅरेजात वर्षातून तो एकच दिवस असा असायचा की मालक शिव्या देत नसे. सगळे पाने रॉकेलने धुवायचे, फडक्यावर ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, नारळ फोडायचा. आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक रडत आलं तरी नाही. वर्षभर राबतात बिचारे, एक दिवस झोपू देत, असं मालक म्हणायचा. आम्हाला त्याने असं कधी झोपू दिलं नाही, पण आम्ही पाने नव्हतो.

मी गुजराती दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर जाऊन झेंडू आणि नारळ आणला. किचनमधल्या टेबलावर मशीन ठेवलं. त्याचा एअर फिल्टर मी साबणाने धुतला होता, तो रेडिएटरवर वाळत होता, त्यामुळे कार्बोरेटरचं तोंड उघडं होतं. एरवी मी तिथे फडकं कोंबलं असतं. पण दिवस सणाचा. मी त्यात एक मोठा झेंडू खोचला. धूळही जाणार नाही आणि भक्तीही होईल. असा दुहेरी फायदा दिसला की मी लगेच फसतो.

बायको रात्रपाळीला निघण्याआधी पूजेला उभी राहिली. फोनवर व्हिडिओ कॉल करून सासूबाईंना सामील करून घेतलं. एरवी बायको मला ‘अरे’ म्हणते, पण सासूबाई फोनवर असल्या की ‘अहो’ होते.

“अहो, उदबत्ती जरा लांब धरा.”

मी धरली. छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. बायको खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालायला लागली. फोनमधून सासूबाई म्हणाल्या, “छान, घंटा सुद्धा आहे तुमच्याकडे.”

मग त्यांनी मशीन नीट दाखवायला सांगितलं. मी फोन जवळ नेला.

“हे काय हो जावईबापू, अक्षता चारच? लग्नात तुमच्यावर आम्ही मोजून टाकल्या होत्या का?”

बायकोने खुर्चीवरूनच कुंकू लावलेल्या तांदळाची मूठ भरली आणि मशीनवर अशी उधळली की काही अक्षता फ्रीजमागे गेल्या. मी मागच्या पायरीवर नारळ फोडला. शेजारणीच्या खिडकीतला पडदा हलला.

तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन आला.

“काय डक, चालू करून बघितलीस का आज?”

“नाही. आज तिला सुट्टी आहे.”

“कुणाला?”

“मशीनला.”

“युनियनमध्ये आहे का ती?”

“आमच्याकडे आजच्या दिवशी हत्यारं चालवत नाहीत. उद्या चालेल. काल चाललीच की.”

“काल माझे गुडघेही चालले होते,” तो म्हणाला. “उद्या सकाळी व्हॅन घेऊन येतो.”

सकाळी मी झेंडू काढला, वाळलेला फिल्टर बसवला, वरचं झाकण घट्ट केलं. मशीन असं चमकत होतं की त्यात मला माझा काळजीत पडलेला चेहरा दिसत होता. म्हातारा आला. मी त्याला खोबरं-साखरेचा प्रसाद दिला. त्याने तो चहाबरोबर खाल्ला आणि आणखी मागितला.

शो म्हणजे एक ओलं मैदान. तंबू, केकचे स्टॉल, पाळण्यातून उतरून चिखलात बसलेली पोरं, आणि अशा मेंढ्या की ज्यांचे केस माझ्यापेक्षा नीट विंचरलेले. आमच्या टेबलापुढे एक ओंडका आडवा ठेवलेला. त्याचा तुकडा कापून दाखवायचा होता. म्हाताऱ्याने पातं, साखळी चढवली, जाड पँट आणि हेल्मेट घातलं, म्हणजे कापणार तो, चालू करणार मी. रात्रपाळी संपवून बायको थेट तिथे आली, युनिफॉर्मवर कोट घालून, डोळे सुजलेले. हातात फोन, फोनमध्ये सासूबाई. शेतकरी मित्रही आला. गालांचा रंग मशीनसारखाच, पण त्याचा उडालेला नव्हता.

“पुरायची का आज हिला?” त्याने विचारलं.

मी चोक ओढला. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या घशातली एक गोल चकती. गार मशीन उठवताना ती बंद करायची, हवा कमी मिळते, मशीन खडबडून जागं होतं. जागं झालं की उघडायची. मी दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन फाट् करून पेटलं. लोकांनी ‘ओह्’ केलं. मी चोकचा खटका मागे ढकलला. तो अर्ध्यावर गेला आणि थांबला. मला वाटलं, पॉलिश लागून घट्ट झाला असेल. मशीन दोन गचके खाऊन काळा धूर ओकलं आणि मेलं.

परत ओढली. परत फाट्, धूर, मेलं.

परत. या वेळी फाट् सुद्धा नाही.

“दर वर्षीसारखंच की,” शेतकरी म्हणाला. “फक्त या वर्षी घाम गाळायला माणूस ठेवलाय.”

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण मी लेस्टरभर ज्याची काळजी करत हिंडत होतो ते हसू नेमकं हेच. म्हाताऱ्याने हेल्मेट काढलं आणि थर्मासमधून चहा ओतायला लागला. त्या वाकड्या बोटांनी तो झाकण फिरवत होता आणि मला कॉफीचं दुकान दिसायला लागलं. तिथे पुतण्या, भिंतीवर शोभेला टांगलेली चेनसॉ, आणि मी घरूनच. फुल्ली.

बायको जवळ आली. “अरे, तू ते हुंगतोस ना नेहमी? हुंग की.”

फोनमधून आवाज आला, “अगं, ‘अरे’ काय म्हणतेस त्यांना!”

मी प्लग काढला. ओलाचिंब, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल येतंय, हवा येत नाही. म्हणजे चोक. अर्ध्यावर थांबलेला खटका आठवला. मी झाकण काढलं, फिल्टर काढला आणि कार्बोरेटरच्या घशात पाहिलं. चकती आणि भिंतीच्या मधोमध, पाचर ठोकल्यासारखा, एक लाल तांदूळ उभा होता. त्याला झेंडूची एक पाकळी चिकटलेली. बायकोच्या मुठीतले काही दाणे त्या फुलात अडकले असणार, आणि सकाळी मी भक्तिभावाने फूल उपसलं तेव्हा एकाने आत उडी घेतली असणार.

चिमट्याने तो बाहेर काढला. म्हातारा चहा घेऊन माझ्या खांद्यावरून बघत होता.

“काय आहे ते?”

उंदीर, असं माझ्या ओठांवर आलं होतं. उंदरांचं घर त्यानेच पाहिलं होतं, त्याला पटलं असतं, उंदीर साक्ष द्यायला येणार नव्हते. पण बायकोने फोनचा कॅमेरा चिमट्यासमोर धरला होता, आणि त्याच क्षणी सासूबाई फोनमधून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अगंबाई, ही तर अक्षता!” आणि सगळं मैदान त्या फोनकडे बघायला लागलं.

“तांदूळ,” मी म्हणालो.

“तांदूळ?”

“कालचा. मशीनची सुट्टी होती ना. तेव्हा तिच्यावर तांदूळ टाकतात. मीच टाकले. म्हणजे बायकोने टाकले, पण तोंड मी उघडं ठेवलं होतं. चूक माझी.”

म्हाताऱ्याने तो दाणा तळहातावर घेतला. पलटला. शेतकऱ्याने मान लांब करून पाहिला.

“चालू मशीन तू एक दिवस बंद ठेवलंस,” म्हातारा सावकाश म्हणाला, “आणि त्याच्या घशात भात घातलास.”

“हो.”

“ते सकाळचं खोबरं त्यातलंच?”

“हो.”

“मग तो नारळ आत गेला नाही, हेच नशीब.” त्याने दाणा शर्टाच्या खिशात टाकला, चहा शेतकऱ्याच्या हातात दिला आणि हेल्मेट चढवलं. “ओढ.”

प्लग पुसून बसवला, फिल्टर आणि झाकण लावलं. चोक पूर्ण उघडला, खटका टक् करून जागेवर गेला. दोरी ओढली. पहिला झटका वायाच गेला. दुसऱ्याला मशीनने आरोळी ठोकली. मेंढ्या एकदम एका बाजूला पळाल्या, केकवाल्या बाईने कानांवर हात ठेवले आणि बायकोने फोन उंच धरला. मी मशीन म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्याची बोटं आपोआप हँडलवर बसली. स्क्रूला न वळणारी बोटं हँडलला बरोबर वळत होती, कारण हँडलही तेवढंच वाकडं होतं. ओंडक्यातून भुसा उडाला, तो माझ्या तोंडात गेला. कापलेला तुकडा खाली पडला तेव्हा एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ होता.

“वाकडा कापलास,” शेतकरी ओरडला.

“बापही वाकडाच कापायचा,” म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं आणि दुसरा तुकडा कापायला घेतला. तोही वाकडा. मग तिसरा. त्याला थांबवायला शेवटी पेट्रोल संपावं लागलं.

तो मशीन खाली ठेवून बराच वेळ हात झटकत राहिला. मी वाट बघत होतो. बेंचचं विचारायची हिंमत होत नव्हती, आणि तो विषय काढत नव्हता. मी फडक्याने साखळी पुसायला लागलो, जी पुसायची गरज नव्हती.

“अगं, नोकरीचं काय म्हणाले ते?” सासूबाईंनी विचारलं.

बायकोने ते जसंच्या तसं इंग्रजीत करून म्हाताऱ्याला ऐकवलं. मी तिच्याकडे पाहिलं. रात्रभर उभं राहिलेल्या बाईला लाजायला ताकद उरत नाही.

म्हातारा फोनकडे वाकला आणि मोठ्याने, सावकाश, परदेशी माणसाशी बोलतात तसं बोलला, “सोमवारी. सकाळी आठ. डबा स्वतःचा. आणि पुढच्या वर्षी सुट्टी घ्या, पण झाकण लावून.”

सासूबाईंना एक शब्द कळला नाही. त्या म्हणाल्या, “चांगले दिसतात हो. त्यांना म्हणावं, सोनं घ्या.” आपट्याची पानं लेस्टरमध्ये कुठली? बायकोने तंबूशेजारच्या झाडाचं एक पान तोडून म्हाताऱ्याला दिलं. त्याने ते तांदळाच्या खिशातच ठेवलं. बहुधा त्याला वाटलं, आता मशीनबरोबर पानही घालायचं असतं.

सोमवारी बायको रात्रपाळीवरून आली तेव्हा मी डबा भरत होतो.

“काय नेतोस?”

“फोडणीचा भात.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“पोळी करून देऊ का?” ती म्हणाली. तिला उभंही राहवत नव्हतं.

“झोप तू,” मी म्हणालो आणि झाकण दोनदा दाबून बघितलं. दुपारी त्यातला अर्धा भात म्हाताऱ्याने खाल्ला, मोहरी दातात अडकते अशी तक्रार करत.